उपासाचा हिशेब

चि. रेमंड यास,



तुझे पत्र मिळाले. उपासकाळात चाळीस दिवस मटण सोडून श्रद्धा कशी काय वाढणार, हा प्रश्न तू विचारलास ते बरे केलेस. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून ताटात तळलेले पापलेट आले, तर नियम पाळला जातो. पण सोडले काय? नुसते वर्ज्य करून श्रद्धा खोल होते असे मलाही वाटत नाही. आपण सोडलेला घास दुसऱ्याच्या पोटात गेला पाहिजे, तरच त्यागाला अर्थ येतो, असे माझे मत आहे.

हे मत माझ्या पदरचे नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपासाची रीतच दिली आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढेच घ्यायचे, एरवीच्या जेवणाला किती खर्च आला असता ते मोजायचे आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचे. मोजायचे, हे मला फार मोलाचे वाटते. हिशेब केला, की स्वतःची फसवणूक करायला जागा उरत नाही. त्याच शतकात अथेन्सच्या अरिस्तिदिसने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात तो सांगतो, की यांच्यात कोणी गरजू असला आणि यांच्याकडेही जास्तीचे काही नसले, तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याला जेवू घालतात. म्हणजे देण्यासारखे काही नसतानाही देता यावे, म्हणून उपास!

यावर तू म्हणशील, मग सरळ देणगीच देऊ, उपाशी कशाला राहायचे? देणगी जरूर दे. पण शिलकीतून दिलेल्या पैशाने आपले काही अडत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा येशूने शिष्यांना दाखवली (मार्क 12), ती याचसाठी. तिने पोटाचेच दिले, आणि उद्याची काळजी देवावर सोडली. भरल्या पोटी रोजच्या भाकरीची प्रार्थना आपण सवयीने म्हणून जातो. भूक लागली असताना तीच प्रार्थना खरीखुरी मागणी होते, आणि ज्याला रोजच भूक असते तो माणूस त्या प्रार्थनेत आपल्याबरोबर असतो. श्रद्धा खोल होते ती इथे.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही. 1522 मध्ये झुरिचला छापखानदार फ्रोशाउअरच्या घरी उपासकाळात सॉसेज खाल्ली गेली, आणि धर्मसुधारक झ्विंग्लीने खाणाऱ्यांची बाजू घेतली. शास्त्रात अशी बंदी नाही, असे तो म्हणाला. तारण उपासाने विकत मिळत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण उपास करू नका, असे झ्विंग्लीनेही म्हटले नव्हते. ज्याने त्याने ते मोकळेपणी ठरवावे, एवढाच त्याचा आग्रह होता. आता तर कॅथलिकांवरही सक्ती फारशी उरलेली नाही. पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपासाचे ठेवले. हे दोन दिवस आणि शुक्रवारचा मटणाचा नियम वगळला, तर त्यापलीकडे तू जे सोडशील, ते स्वखुशीने.

तेव्हा काय सोडायचे याचा फार विचार करू नकोस. वाचलेले पैसे कोणाला द्यायचे, ते मात्र बुधवारच्या आधी ठरव, आणि मला कळव.

तुझा,
काका