काट्याचे शून्य

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने मोटारीच्या दाबमापकावर लेख लिहावा, याचे माझ्या मैत्रिणींना नवल वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत कॉलेजच्या पुस्तकांच्या खालोखाल मी जर काही बारकाईने वाचले असेल, तर ती दोन इंच व्यासाची एक काळी तबकडी. तिला बूस्ट गेज म्हणतात. तिच्यावर एकच काटा असतो. पण त्या एका काट्याचा अर्थ लावायला मला एखाद्या अवघड कवितेइतकाच वेळ लागला.

मी शिक्षणासाठी कोल्हापुरात मामांकडे राहते. उद्यमनगरात त्यांचे लहानसे गॅरेज आहे. एके काळी मामा नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगत. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते म्हणत, "तिसरा प्लग बघा रं हिचा." पण चाळीस वर्षे हातोड्यांच्या आणि सायलेन्सर काढलेल्या इंजिनांच्या गोंगाटात काढल्यावर मामांचे कानच गेले. डॉक्टरांनी दिलेले यंत्र घरात चालते. गॅरेजमध्ये ते सगळाच कलकलाट मोठा करते. तेव्हापासून मामांचा भरवसा कानांवरून काट्यांवर आला. रविवारी एखादी गाडी चाचणीला निघाली, की मामा स्टिअरिंगवर आणि मी शेजारी वही-पेन्सिल घेऊन, असा आमचा नेम ठरला आहे.

सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या आपल्याकडे थोड्याच. त्यांतली एक-दोन जुनी परदेशी वाहने मामांकडे येतात. साधे इंजिन आपल्यापुरती हवा स्वतः ओढून घेते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. टर्बो हा त्याचा भाऊ. पण तो धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंवर फिरतो. सुपरचार्जर पट्ट्याला बांधलेला, त्यामुळे इंजिनाचे फेरे वाढतील तसा तोही वेग घेतो. हा पंप मुळात मोटारीसाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या पंपाचे पेटंट घेतले, तो पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालू लागला. भट्टीचा भाता मोटारीच्या पोटात जाऊन बसला, एवढेच.

आता ती तबकडी. इंजिन बंद असताना काटा शून्यावर असतो. मी पहिल्या दिवशी विचारले, "म्हणजे आत हवाच नाही?" मामा हसले. "शून्य म्हंजे हवा न्हाई, असं न्हवं. भाईर जेवढी हवा, तेवढीच आत. त्याला ह्यो शून्य म्हन्तोय." आपल्या डोक्यावरच्या साऱ्या आकाशाचे ओझे, समुद्रकाठी दर चौरस इंचाला १४.७ पौंड, या काट्याच्या हिशेबी शून्य असते.

गाडी सुरू करून नुसती गुरगुरत ठेवली, की काटा शून्याच्या डावीकडे जातो. थ्रॉटलची झडप मिटलेली, आणि पिस्टन आतून हवा ओढत असतात. त्यामुळे आत पोकळी होते. गंमत अशी, की मामांच्या तबकडीवर डावीकडचे आकडे पाऱ्याच्या इंचांत आहेत आणि उजवीकडचे पौंडांत. पाऱ्याचे दोन इंच म्हणजे जवळजवळ एक पौंड. तेव्हा डावीकडचे दहा आणि उजवीकडचे दहा यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की काटा शून्य ओलांडून उजवीकडे येतो, आणि मग जो दाब दिसतो तो बूस्ट.

हे कळल्यावर मला वाटले, झाले, आता वाचता आले. खरी अडचण पुढेच होती. एका गाडीच्या मालकांनी तक्रार आणली : महाबळेश्वरला गाडी चढावर रडते, काटा मात्र जेमतेम एक पौंड उतरलेला दिसतो. मामांनी माझ्याच वहीत हिशेब मांडला. बाहेरची हवा दीडपट दाबणारा सुपरचार्जर धरा. समुद्रकाठी बाहेर १४.७, तिची दीडपट २२. काटा दाखवणार वरचे सव्वासात-साडेसात. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर. तिथे बाहेरची हवाच १२.५ पौंडांच्या आसपास. तिची दीडपट पावणेएकोणीस. काटा दाखवणार सव्वासहा. काट्याच्या लेखी एक पौंड गेला. इंजिनाच्या लेखी तीन पौंडांहून जास्त. दोन पौंड कुठे हरवले? ते शून्यातच हरवले. घाट चढताना काट्याचे शून्यही गाडीबरोबर हवेच्या विरळपणात सरकत गेले, आणि काट्याने त्याची वाच्यता केली नाही.

विमानांच्या बाबतीत हे चालत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या बूस्ट गेजचे शून्य समुद्रसपाटीच्या ठरीव दाबाला बांधलेले असे. विमान कितीही उंच गेले तरी ते शून्य जागचे हलत नसे. वैमानिकाला आत एकंदर किती हवा आहे हे कळायलाच हवे होते. मोटारीचा काटा मात्र जिथे उभा असतो, तिथूनच मोजतो. म्हणून मामांच्या सांगण्यावरून मी वहीत आकड्याच्या आधी गावाचे नाव लिहू लागले, मग वेळ, मग ऊन की गारवा. थंड हवा दाट असते, आणि काट्याला तेही समजत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक तरुण मालक आले. त्यांच्या गाडीचा काटा सातावर थांबे. त्यांना तो दहावर हवा होता. सुपरचार्जरची पुली लहान केली की तो जास्त फिरतो आणि काटा चढतो, एवढे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. मामांनी पुलीला हात लावला नाही. गाडीचा सायलेन्सर आतून तुंबला होता, तो बदलला. चाचणीला निघालो तर काटा सातावरून सहावर आलेला! मालक रागावले, पैसे देईनात. मामा शांतपणे म्हणाले, "काटा चढला म्हंजे ताकद वाढली, असं न्हवं. वाट तुंबली तरी काटा चढतोय."

मी उसाच्या गावची. मला हे लगेच पटले. पाटात पाणी तुंबून काठाला लागले, म्हणजे उसाला जास्त पाणी मिळाले असे कोणी म्हणत नाही. पुढे दारे अडले असे म्हणतात. सुपरचार्जर दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो. इंजिन ती चटकन घेऊ शकले नाही, की मागे दाब साठतो, आणि तोच काटा दाखवतो. मी मालकांना वही दाखवली. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसपासून ऐंशीपर्यंत जायला त्याच रस्त्यावर, त्याच सकाळच्या वेळी, आधी आठ सेकंद लागत, आता सात. त्यांनी दोनदा स्वतः घड्याळ लावून पाहिले आणि पैसे दिले. पण जाताना त्यांची नजर त्या सहावरच होती.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दाब दिसतो, वाहून गेलेले दिसत नाही. आपल्या वर्गातही किती जागरणे केली याचा आकडा सांगितला जातो. डोक्यात काय उतरले याला तबकडी नाही.

पण काट्याला मुळीच न दिसणारी एक गोष्ट आहे, आणि ती सर्वांत धोक्याची. हवा दाबली की तापते. फार दाबली, तर सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधी आपोआप भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. ते फार वेळ चालले तर पिस्टनला भोक पडते. त्याला आवर घालायला चांगले इंधन लागते. १९४० मध्ये स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले, तेव्हाच त्याची मर्यादा सव्वासहा पौंडांवरून बारावर नेता आली. नॉकिंग सुरू झाले तरी बूस्टचा काटा निवांत आपल्या जागी असतो. ते ऐकावेच लागते : पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा बारीक खडखडाट.

आणि मामांना तो ऐकू येत नाही.

हे मला उशिरा उमगले. मी शेजारी बसते ती काटा वाचायला, असे मामा सगळ्यांना सांगतात. काटा तर त्यांनाही दिसतो. चढावर इंजिन ताणले, की ते रस्त्यावरून क्षणभर नजर काढून माझ्या चेहऱ्याकडे पाहतात. मी हात वर केला, की पाय काढतात. याबद्दल आम्ही दोघांनी कधी एक शब्दही बोललेलो नाही.

येत्या जूनमध्ये माझी पदवी पुरी होईल आणि एम. ए. साठी मी बहुधा पुण्याला जाईन. म्हणून गेल्या महिन्यापासून गॅरेजमधल्या एका मुलाला मी मागच्या सीटवर बसवते. त्याने सातवीत शाळा सोडली आहे. गाव, वेळ, हवा, फेरे, काटा ही घरे तो आता नीट भरतो. शेवटी मी एक नवे घर आखून दिले : आवाज. परवा पन्हाळ्याच्या चढावर त्याने माझ्याआधी हात वर केला, आणि उतरल्यावर त्या घरात वाकड्या अक्षरांत लिहिले, "फुटाने". अक्षर मी सुधारले नाही. मामांनी ती वही बराच वेळ हातात धरून ठेवली.

(तृतीय वर्ष कला, मराठी)