हलतं तेच झिजतं!

घर म्हटलं की आपल्याला भिंती, छप्पर, फार तर दार आठवतं. खिडकीची बिजागरी कुणाला आठवते? ती कुरकुरायला लागते, तेव्हाच तिच्याकडे लक्ष जातं!

आमचं घर घोरावाडीत, पुणे-लोणावळा रेल्वेमार्गाजवळ. लोणावळ्याइतका पाऊस इथं पडत नाही. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे येताना तो कमी होत जातो. तरी जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा सरी घेऊन थेट खिडकीवर येतो. आजीच्या खोलीची जुनी सागवानी खिडकी नेमकी पश्चिमेला. तिचा हूक झिजून सारखा निसटायचा आणि झडप धाडकन आपटायची. काच फुटू नये म्हणून आम्ही ती सुतळीनं बांधून टाकली. मग खोलीत कुबट वास येऊ लागला. आजीला दम्याचा त्रास, तिला मोकळी हवा हवी. ती म्हणाली, "अरे, ही खिडकी कसली? भिंतच झाली की!"

सुतारकाकांचा सल्ला होता, "काढून टाका, अॅल्युमिनियमची बसवा." पण आमच्या लेकीनं विचारलं, "बाबा, यातलं नक्की काय बिघडलंय?"

प्रश्न लाखमोलाचा होता. आम्ही दोघांनी खिडकी नीट तपासली. चौकट भक्कम, काचा शाबूत, वाळवी नाही. फक्त वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले, तिच्यातली दांडी गंजलेली आणि हूक झिजलेला. जे हलत होतं, तेवढंच झिजलं होतं!

असं का होतं, ठाऊक आहे? पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगतं. झडप अडकते, आपण ती जोरानं ओढतो आणि स्क्रूची भोकं मोठी होतात. झडपेचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं, म्हणून तीच आधी ढिली होते. शिवाय लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दांडी आवळली जाते.

मग लागलो कामाला. झडपेखाली लाकडी पाचर देऊन तिला आधार दिला. एका वेळी एकच स्क्रू काढला, म्हणजे झडप निखळायची भीती नाही. मोठ्या झालेल्या भोकात गुल काढलेल्या आगकाड्या लाकडाच्या गोंदात बुडवून ठासल्या. रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी स्क्रू पुन्हा पिळला. घट्ट बसला! बिजागरीचा गंज पॉलिशपेपरनं घासला, दांडीवर शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले आणि झडप दहा-बारा वेळा हळूहळू हलवली. कुरकुर थांबली. जुना हूक सोबत नेऊन तेवढ्याच मापाचा नवा आणला. लाकूड मात्र तासलं नाही. पावसाळ्यात तासलं, तर उन्हाळ्यात आकसून फट पडते.

आमच्या मावळातच भाज्याची लेणी आहेत, २,००० वर्षांहून जुनी. तिथल्या खोल्यांच्या दगडी चौकटींत लाकडी दारं बसवण्यासाठी केलेल्या खाचा दिसतात. दगड अजून जागेवर आहे. हलणारी दारं केव्हाच गेली. जे हलतं, त्याची काळजी जास्त घ्यावी लागते, ती अशी.

आता आजी स्वतःच्या हातानं खिडकी उघडते, हूक अडकवते. औषधं चालूच आहेत, पण कुबट वास गेला.

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत घरातल्या खिडक्यांची अशी एक फेरी मारा. कुठं कुरकुर आहे, कुठला स्क्रू ढिला आहे, ते वहीत लिहा. दुरुस्ती मात्र आईबाबांना सोबत घेऊनच करा. काच आणि उंची, दोन्हींशी खेळ नको. आणि एखादी वस्तू टाकून द्यायची वेळ आली, की आमच्या लेकीचा प्रश्न आधी विचारा बरं का: यातलं नक्की काय बिघडलंय?