खाडी, धुणीभांडी आणि रोमची सभा

८ मे २०२५ च्या संध्याकाळी सिस्टीन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला, तेव्हा जगभरचे कॅमेरे तिकडेच रोखलेले होते. बंद दाराआड १३३ कार्डिनल नवा पोप निवडत होते. सगळे पुरुष. त्याच आठवड्यात, त्याच रोममध्ये, ५ ते ९ मे या दिवसांत आणखी एक सभा चालू होती. जगभरातल्या कॅथॉलिक धर्मभगिनींच्या संघांच्या नऊशेहून अधिक प्रमुख तिथे जमल्या होत्या. पोपच्या निवडीत त्यांना मत नव्हतं. पण शाळा, दवाखाने, कुष्ठरोग्यांच्या वसाहती, तुरुंगातल्या भेटी, तस्करीतून सुटलेल्या मुलींची वसतिगृहं असा चर्चच्या रोजच्या कामाचा केवढा तरी भाग ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या या बायका. बातम्यांत त्यांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद आला.

या सभेमागे ‘इंटरनॅशनल युनियन ऑफ सुपीरियर्स जनरल’ ही संघटना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, १९६५ साली, ती उभी राहिली. दर तीन वर्षांनी तिचं महाअधिवेशन भरतं. जगात आज सुमारे सहा लाख कॅथॉलिक सिस्टर्स आहेत आणि त्यांतल्या एक लाखाच्या आसपास भारतात. २००९ मध्ये या संघटनेने मानवी तस्करीविरुद्ध ‘तालिथा कुम’ हे जाळं उभारलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आलं. पृथ्वीची हाक आणि गरिबाची हाक वेगळी काढता येत नाही, ही त्यातली मांडणी. तीन वर्षांनी सिस्टर्सनी ती आपल्या मोहिमेचा पाया केली. न्याय आणि निसर्ग हे विषय तेव्हापासून त्यांच्या सभांमध्ये एकाच टेबलावर असतात.

धर्मसंस्था आणि बायकांचे कष्ट हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यामुळे एक प्रश्न नेहमी समोर येतो: अशा सभांमधून निघतं काय? ठराव होतात, छायाचित्रं निघतात, पुस्तिका छापल्या जातात. याचं उत्तर रोममध्ये शोधण्यापेक्षा पनवेलमध्ये शोधलेलं बरं, असं मला वाटतं. कारण न्याय आणि जमीन हे एकाच बाईचे प्रश्न कसे होतात, ते या तालुक्याइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसेल.

१९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर वसवायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आगरी-कोळी गावांच्या इतिहासातलं हे फार मोठं यश आहे आणि त्याची किंमत रक्ताने चुकवलेली आहे.

पण साडेबारा टक्क्यांचा हिशेब सातबाऱ्यावरून होतो, आणि सातबाऱ्यावर बहुतेक नावं पुरुषांची. खाडीला तर सातबाराच नसतो. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून बायका निवट्या, खेकडी, शिंपल्या आणत. थोडं घरी शिजे, उरलेलं पनवेलच्या बाजारात विकलं जाई. मिठागरावर मजुरी होती, खाजणात भाताची लावणी होती. हे सगळं बाईच्या हातातलं उत्पन्न होतं. भराव पडला, कांदळवन गेलं, तेव्हा त्याचा मोबदला कुठल्याच तक्त्यात बसला नाही. तळोज्याच्या कारखान्यांचं पाणी कासाडी नदीत उतरत राहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथे निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि त्यांची छायाचित्रं जगभर गेली. मासळी हटली ही कोळ्यांची तक्रार त्याआधीपासूनची होती, ती कुठे गेली नव्हती. त्यानंतर याच भागात विमानतळ आला. १,१६० हेक्टरांच्या त्या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

सकाळी खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या सोसायट्यांच्या फाटकांवर वहीत नाव लिहून आत जाणाऱ्या बायका पाहाव्यात. कुणाचं कोरडवाहू रान मराठवाड्यात मागे राहिलंय, कुणाची वाडी इथूनच चार कोसांवर आहे. जमीन, पाणी किंवा जंगल हातचं गेलं की बाईपुढे जे पहिलं काम येतं, ते दुसऱ्याच्या घरातली धुणीभांडी, केर-लादी, पोळ्या. ते मिळतं लगेच, पण त्याला कागद नसतो.

हा धागा ज्यांनी फार लवकर पकडला, त्यांत एक धर्मभगिनी होत्या. सिस्टर जीन डेव्होस मूळच्या बेल्जियमच्या. १९६३ मध्ये त्या भारतात आल्या. त्यांच्या संघाची कथाही ऐकण्यासारखी आहे: मारी लुईझ द मेस्टर या बेल्जियन बाईंनी तो स्थापन केला तो युरोपात नव्हे, तमिळनाडूतल्या मुळगुमूडू या गावी, १८९७ मध्ये. डेव्होस यांनी १९८५ च्या सुमारास घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली आणि मुंबई तिचं केंद्र झालं. घरात राबणाऱ्या लहान मुली, कोंडून ठेवलेल्या बायका, चोरीचा आळ घेऊन एका रात्रीत हाकलून दिलेल्या बायका, अशा प्रश्नांतून ती वाढत गेली.

महाराष्ट्रात त्याआधीच ठिणगी पडलेली होती, हेही इथे सांगायला हवं. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी आपणहून संप केला आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. कम्युनिस्ट, समाजवादी, स्त्रीवादी कार्यकर्त्या आणि धर्मभगिनी यांच्या वाटा या प्रश्नावर एकमेकींजवळ आल्या. ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर देशभर बंदी आली. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आणि १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठीचा करार क्रमांक १८९ मंजूर केला: ३९६ मतं बाजूने, १६ विरोधात. आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी, कामाच्या अटी आधी समजण्याचा हक्क, ओळखपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क, असं त्यात लिहिलेलं आहे. भारताने बाजूने मत दिलं. करार मात्र अजून स्वीकारलेला नाही.

जगभरात पसरलेल्या सिस्टर्सच्या जाळ्याचा उपयोग इथे कळतो. अनेक संघांना संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा आहे. २००२ मध्ये काही संघांनी एकत्र येऊन ‘युनानिमा इंटरनॅशनल’ ही संस्था न्यूयॉर्कमध्ये उभी केली. झोपडपट्टीत राहणारी सिस्टर जे पाहते, ते तिच्याच संघातली दुसरी सिस्टर तिथल्या बैठकीत मांडू शकते. मध्ये कुणी दलाल लागत नाही. परदेशी निधीवर चालणाऱ्या कित्येक संस्थांना हे जमत नाही, कारण त्यांचा कार्यकर्ता तीन वर्षांचा प्रकल्प संपला की निघून जातो. सिस्टर आयुष्यभरासाठी आलेली असते.

तिथेच राहण्याची किंमत कधी जिवानिशी द्यावी लागते. अमेरिकेत जन्मलेल्या सिस्टर डोरोथी स्टँग ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात भूमिहीन शेतकऱ्यांबरोबर राहत होत्या. १२ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आपल्याकडे झारखंडमध्ये सिस्टर वालसा जॉन. मूळच्या केरळच्या, पेशाने शिक्षिका. पाकूड जिल्ह्यातल्या पचुवाडा भागात त्या संथाळांमध्ये राहिल्या, कोळसा खाणीसाठी जाणाऱ्या जमिनींचा लढा त्यांनी संघटित केला. २००६ मध्ये खाण कंपनीशी समझोता झाला, त्यात मोबदल्याबरोबर शाळा आणि दवाखान्याच्या अटी होत्या. समझोता झाल्यावर तो पाळला जातोय का, हे बघायला कुणीतरी गावात राहावं लागतं. वालसा राहिल्या. १५ नोव्हेंबर २०११ च्या रात्री त्यांच्या राहत्या जागी जमावाने त्यांना ठार केलं. तो बिरसा मुंडांच्या जयंतीचा आणि झारखंडच्या स्थापनेचा दिवस होता.

हरल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ‘अ‍ॅडोरर्स ऑफ द ब्लड ऑफ ख्राइस्ट’ या संघाच्या शेतातून गॅसची पाइपलाइन जाणार होती. २०१७ मध्ये या सिस्टर्सनी तिच्या वाटेवरच, मक्याच्या शेतात, उघडं प्रार्थनास्थळ उभारलं. त्या कोर्टात गेल्या तेव्हा त्यांचा आधार होता त्यांच्याच संघाने २००५ मध्ये संमत केलेला भूमिविषयक ठराव: जमीन पवित्र आहे, तिचा उपभोग विवेकाने घ्यायचा. बारा वर्षं जुना कागद पुरावा म्हणून पुढे आला. कोर्टाने तो मानला नाही आणि २०१८ मध्ये पाइपलाइन सुरूही झाली. तरीही ठराव कशासाठी करायचे, याचं मला पटणारं उत्तर इथे मिळतं. वेळ येते तेव्हा हातात काहीतरी लागतं. आधी लिहून ठेवलेलं नसेल तर त्या क्षणी सुचत नाही.

सिस्टर्सच्या स्वतःच्या घरातही न्यायाचा प्रश्न आहेच. मार्च २०१८ मध्ये व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राच्या स्त्रीविषयक पुरवणीत एक लेख आला. कार्डिनल आणि बिशपांच्या घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक, धुणं, साफसफाई करणाऱ्या सिस्टर्सचं वर्णन त्यात होतं. ठरलेले तास नाहीत, करार नाही, मोबदला नाममात्र किंवा तोही नाही. घरकामगारांसाठी जिनिव्हापर्यंत जाणाऱ्या बायकांच्या बहिणी अशा राबत होत्या. हे बाहेर आणणाऱ्या सिस्टर्सच्या धैर्याची किंमत मी फार मोठी मानते. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईला तोंड उघडणं किती जड जातं, हे आत राहिल्याशिवाय कळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला भरलेल्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेत, ५४ स्त्रियांना पहिल्यांदाच मतदानाचा हक्क मिळाला. साडेतीनशेहून अधिक मतदारांत ५४.

पनवेलच्या बाईपर्यंत यातलं काय पोहोचतं? कायदा पोहोचतो, पण अर्धा. महाराष्ट्रात घरेलू कामगार मंडळाकडे नोंदणी केली तर काही लाभ मिळतात. ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदणीकृत बाईला १०,००० रुपयांचं एकरकमी सन्मानधन देण्याची योजना आहे. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी, बाळंतपणाची रजा यांवर मात्र देशपातळीवर स्वतंत्र कायदा नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला अशा कायद्याचा विचार करायला सांगितलं. खाडी आणि रान गमावलेल्या बाईच्या नुकसानीचा विचार तर कुठल्याच कायद्यात नाही. रोमच्या टेबलावर जमीन आणि मजुरी शेजारी मांडलेली असतात, आपल्या मंत्रालयात त्यांची खाती वेगळी आहेत.

आणि नोंदणी करायची तर बाई घरकाम करते असा मालकाचा दाखला लागतो. एक साधा कागद, त्यावर नाव, पत्ता आणि सही. पुष्कळ घरांत ही सही करायला लोक कचरतात. उद्या काही अंगाशी येईल अशी भीती वाटते. त्या सहीने कुणावर कसलंही कर्ज चढत नाही. हा लेख ज्या घरांत वाचला जाईल, त्यांतल्या कितीतरी घरांत सकाळी भांडी घासायला कुणी येतं. तिची नोंदणी झाली आहे का, हे तिला विचारता येईल.