पायाला चाकू लावू न देणाऱ्या आबांना

आबा,

अंगठ्याखाली भोक पडलंय, पाऊल लाल होऊन सुजलंय, ताप आहे, तरी तुम्ही ऑपरेशनला नाही म्हणताय. 'शुगरच्या पायाला चाकू लागला की वर वर कापत नेतात,' हे कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत ऐकू येतं. भावकीत कुणाचं आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय गेलेला तुम्ही पाहिला असेल. असे बरेच पाय उशीर केल्यानं जातात, आबा.

दुखत नाही म्हणून बसू नका. वर्षानुवर्षं शुगर चढलेली राहिली की नसा बधिर होतात. तुटलेल्या उसाचा बुडखा तळव्यात घुसला तरी कळत नाही. वरून हरभऱ्याएवढं भोक दिसतं आणि आत पू कंडरांच्या कडेनं पोटरीकडे सरकतो. कोंडलेल्या पुवापर्यंत सलाईनमधलं औषध नीट पोचत नाही. म्हणून सर्जन आधी पुवाला वाट करून देतात, मेलेलं मांस काढतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा साफ करावं लागलं तर घाबरू नका, तो उपचारच आहे. 'शुगर उतरू दे, मग बघू' असंही म्हणू नका. पू असेपर्यंत ती नीट उतरत नाही. इन्सुलिन सोबतच चालू राहतं. पायाला रक्त पोचतंय का, हे डॉपलर तपासणीनं बघतात; रक्तवाहिनी तुंबली असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास. जखम लाल, दाणेदार झाली की मांडीची कातडी लावतात.

कधी बोट द्यावं लागतं. कधी जीव राखायला पायही. पण टाच वाचली तर माणूस आपल्या पायांनी शेतावर जातो.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान मलाही आहे. घरचा उपाय म्हणून जखमेत मात्र ती भरू नका.

बधिर पाय राखायचं शास्त्र कुष्ठरोग्यांच्या सेवेतून घडलं. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी ते पुढे अमेरिकेत मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. जखम भरल्यावर तुम्हाला घालायची मऊ रबराची एमसीआर चप्पल त्याच सेवेची देणगी.

साताऱ्याचं सिव्हिल, कऱ्हाडचं कृष्णा, मिरजेचं सरकारी, जे हॉस्पिटल जवळ असेल ते गाठा. पोराला गाडी काढायला सांगा. उसाची तोड आली असली तरी राहू दे. आज रात्रीच निघा.