विंचवाचं बिऱ्हाड

प्रवासाला निघताना ‘गॅस बंद केला ना?’ म्हणून तुम्हीही माझ्यासारख्या दोनदा मागे फिरत असाल. पण एका प्रवासात गॅसच आमच्या बरोबर होता! शिवाय फ्रीज, न्हाणी, झोपायची जागा, सगळंच. अमेरिकेत अशा चाकांवरच्या घराला आर. व्ही. म्हणतात.

२०१९ च्या जुलैत आम्ही कराडहून डेन्व्हरला धाकट्या दिरांकडे गेलो होतो. सासूबाईही बरोबर होत्या. भाऊजींनी अठ्ठावीस फुटी आर. व्ही. भाड्याने आणली, पण त्यांना वळणांवर चक्कर येते, तेव्हा चालवणार होती माझी धाकटी जाऊ. “एवढं धूड बाईमाणूस चालवणार?” सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. जाऊ हसली आणि आरसे पुसायला लागली.

अशा घराचा संसार शिकावा लागतो बरं का. निघण्यापूर्वी एकूण एक कपाटाची कडी लावायची. मी एक विसरले, आणि पहिल्याच वळणावर पोह्यांचा डबा आडवा! पाणीही टाकीतलं, मोजकं. वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत साठतं, ते वाटेल तिथे ओतायचं नाही. भांडी आधी कागदाने पुसायची, मग विसळायची.

मुक्काम रॉकी माउंटन नॅशनल पार्कात, मोरेन पार्कच्या तळावर केला. उंची आठ हजार फुटांच्या वर. तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, हे मुलांना कितीदा सांगितलंय. पण पटलं ते तिथे. प्रेशर कुकर नेला होता म्हणून वरणभात मिळाला.

दुसऱ्या दिवशी ट्रेल रिज रोड. १९३२ साली खुला झालेला हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे सव्वादोन कळसूबाया! बर्फामुळे हिवाळाभर तो बंद असतो. आधी उंच पाइनची दाटी, मग झाडं खुजी, वाऱ्याने वाकडी झालेली, आणि साडेअकरा हजारांच्या आसपास झाडं संपतातच. उरतं ते बोटभर उंचीचं गवत आणि इवली इवली फुलं. त्यांच्यावर पाय ठेवू नये, तुडवलेली जागा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. रस्त्याला कित्येक ठिकाणी कठडा नाही. मी खिडकीबाहेर बघायचं सोडून रामनाम घेत होते!

फॉरेस्ट कॅनियनच्या थांब्यावर उतरलो. समोर बर्फाचे पट्टे मिरवणारी शिखरं, खाली खोल हिरवी दरी. “केवढं हो हे!” म्हणून वळले, तर सासूबाई मटकन खाली बसलेल्या. डोकं ठणकतंय, दम लागलाय. सर्वोच्च ठिकाण जरासंच पुढे होतं. आमचे हे म्हणाले, “पाच मिनिटं बसू दे, बरं वाटेल. एवढ्या लांब आलोय.” जाऊने घड्याळसुद्धा पाहिलं नाही. “दादा, विरळ हवेवर औषध एकच, खाली उतरायचं,” म्हणाली आणि गाडी वळवली.

उतारावर तिने गाडी खालच्या गिअरात टाकली. इंजिन घुमायला लागलं. हे म्हणाले, “अगं, ब्रेक दाब ना!” तेवढ्यात आडव्या पडलेल्या सासूबाई बोलल्या, “बोलू नकोस तिला. गिअरावर उतरवतेय ती. सारखा ब्रेक दाबला की तापतो आणि घात होतो.”

आमचे सासरे एस. टी.चे ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटात वर्षानुवर्षं त्यांनी कराड-चिपळूण गाडी चालवली. तो इंजिनाचा आवाज सासूबाईंनी बरोबर ओळखला होता.

तळावर पोचेपर्यंत त्यांचं डोकं उतरलं. संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा टाकला आणि पहिला कप जावेला दिला. तोंडाने काही बोलल्या नाहीत. जावेचे डोळे मात्र भरून आले.

कधी अशा उंचीवर जाल, तर आधी एक-दोन दिवस मधल्या उंचीवर राहा, पाणी भरपूर प्या आणि वडीलधाऱ्यांना डॉक्टरांना दाखवूनच न्या. आणि त्रास झालाच तर शिखराचा मोह सोडून उतरा. आमचं ते शेवटचं टोक राहूनच गेलं. पण खरं सांगू? मला त्याची चुटपुट नाही.