भिंतीलगतची फट

बंगळूरच्या हवेचं कौतुक सगळेच करतात, पण लाकडाला ही हवा सोपी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं हे शहर मार्च-एप्रिलमध्ये चांगलंच कोरडं पडतं आणि पाऊस मात्र ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. उन्हाळ्यात फळी आकसते, पावसात फुगते. तीही रुंदीला, लांबीत फरक जवळजवळ नाही. लाकडी जमिनीची सगळी कारागिरी या एका स्वभावाभोवती फिरते.

आमच्या मल्लेश्वरमच्या घरातल्या एका खोलीत सागवानी जमीन करायची ठरली. मेस्त्री बेळगावकडचे. फळ्या आल्या तशा त्यांनी खोलीतच रचल्या, थराथरांत चिपा घालून. "वहिनी, घाई नको. आधी हितली हवा लागू दे त्यांना." कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून ठेवला; आत दव धरलं नाही, तेव्हाच रिपा अंथरल्या. मग सूत धरून पहिली ओळ. नर-मादीच्या खाचेत फळी बसवायची, लाकडी ठोकळा आडवा धरून त्यावर हातोडी मारायची, फळीवर थेट कधीच नाही. खिळा कडेतून तिरका, म्हणजे पुढची फळी त्याला झाकून टाकते. आणि चारी भिंतींपाशी दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी. वरून स्कर्टिंगची पट्टी येते, त्यामुळे ती कुणाला दिसत नाही. मला मात्र या सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची वाटते.

लाकूड ओलीपासून जपायची ही काळजी इथे जुनीच आहे. बंगळूरच्या किल्ल्याजवळचा टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल १७९१ साली पुरा झाला. तिथले सागवानी खांब दगडी बैठकींवर उभे आहेत. सागातल्या तेलामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. तरीही त्या सुतारांनी लाकूड जमिनीच्या ओलीपासून उचलूनच ठेवलं.

लाकडाची छपाई असलेलं लॅमिनेट खूप स्वस्त पडलं असतं. पण त्याचा वरचा थर झिजला की संपलं. साग तासून पुन्हा नवा करता येतो. बाकी घरात रेड ऑक्साइडची जुनी तांबडी जमीन तशीच ठेवली, ती काढायची कल्पनाही सहन होत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात फळ्यांमध्ये कागद जाईल एवढ्या फटी दिसू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, लांबी भरून घे. मी भरू दिली नाही. फटी बुजवल्या असत्या तर पावसात फुगलेल्या फळ्यांना सरकायला जागाच उरली नसती, त्यांनी एकमेकींना वर उचललं असतं.