पिवळा डाग

घरात तान्हे मूल आले, हे शेजाऱ्यांना सर्वांत आधी कळते ते गच्चीवरच्या तारेकडे पाहून. लंगोट, दुपटी, झबली, टोपडी यांची रांग लागली की समोरून विचारणा होते, ‘मुलगा की मुलगी?’ आम्ही इंदूरची मंडळी. बाहेर हिंदी आणि घरात मराठी असा आमचा चार पिढ्यांचा संसार. पण बाळंतिणीच्या खोलीतला एकही शब्द आम्ही बदललेला नाही.

१९८८ साली मला कन्या झाली, तेव्हा बाळाचे धुणे ही एक विद्या आहे हे सासूबाईंनी मला शिकविले. ‘आधी गार पाणी, मग साबण’ हा त्यांचा पहिला नियम. दूध, शी, रक्त यांच्या डागावर कढत पाणी ओतले की डाग धाग्यात शिजून बसतो. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळपट हिरवी, डिंकासारखी चिकट शी तर वाळू देताच कामा नये. मालिशच्या तेलाचे उलट. तिथे साबण चोळून ऊनऊन पाणीच हवे. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो आणि नवखी सून घाबरते. पण खळबळून उन्हात टाकला की तो आपोआप उडत जातो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग मात्र साबणाला दाद देत नाही. तो लंगोट ओला असतानाच कडक उन्हात घालावयाचा. ‘पिवळे घालविणे हे सूर्यनारायणाचे काम,’ असे त्या म्हणत. शेवटी तीन पाण्यांतून काढावयाचे, कारण कापडात राहिलेला साबण बाळाच्या अंगावर पुरळ होऊन उठतो.

त्यांचे शब्द मी मनात जपले, तशीच त्यांनी शिवलेली खणाची कुंचीही ट्रंकेत जपली. कसर लागू नये म्हणून तिच्या घडीत, आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांतही, दरवर्षी नव्या डांबरगोळ्या घालीत आले.

२०१९ च्या जानेवारीत लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी बाळ घरी आले, तेव्हा मी ट्रंक उघडून तीच कुंची त्याला चढविली आणि त्याच दुपट्यात गुंडाळले. वास होता, पण तो मला आठवणीचा वास वाटला. धुवावयाचे मनात आले होते, तरी खणाचा रंग जाईल म्हणून मी ते टाळले.

पाचव्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसू लागले. लेक म्हणाली, ‘आई, दवाखान्यात नेऊ या.’ मी म्हणाले, ‘अगं, कोवळ्या उन्हात धर थोडे. तुलाही असेच केले होते.’ एक दिवस माझे ऐकले गेले. सहाव्या दिवशी बाळ प्यायला उठेना, पिवळेपणा पोटापर्यंत उतरला, तेव्हा लेकीने मला न विचारता रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला हातात घेतले आणि दुपटे नाकाशी नेले. ‘आजी, ह्यात डांबरगोळ्या होत्या का?’ मी मान हलविली. रक्त तपासले. जी-सिक्स-पी-डी नावाचे एक द्रव्य बाळाच्या रक्तात कमी निघाले. ते कमी असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या नुसत्या वाफेनेही फुटू शकतात, आणि फुटलेल्या पेशींतूनच कावीळ वाढते. गोळ्यांचा वाटा नेमका किती, हे सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. ते त्यांचे औदार्य असेल. मुलाला हा दोष आईकडून येतो. म्हणजे लेकीकडून, आणि कदाचित माझ्याकडूनही.

डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला तीन दिवस निळ्या दिव्यांखाली ठेविले. काचेपलीकडे बसून मी त्याच्याकडे पाहत असे. एका संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी या दिव्यांची कथा सांगितली. इंग्लंडमध्ये रॉचफोर्डच्या रुग्णालयात एक परिचारिका काविळीची बाळे अंगणात उन्हात नेत असे. दुपट्याने झाकलेला भाग पिवळा राहतो आणि उघडा भाग निवळतो, हे १९५६ साली तिच्यामुळे डॉक्टरांच्या लक्षात आले. १९५८ मध्ये तेथील डॉक्टरांनी दिव्यांचा उपचार प्रसिद्ध केला. लंगोटावरचे पिवळे आणि कातडीतले पिवळे, दोन्ही एकाच पित्तद्रव्याच्या घरचे. म्हणजे सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या. ‘पण आजी,’ त्या म्हणाल्या, ‘उन्हाची मात्रा मोजता येत नाही. पिवळेपणा फार चढला तर मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. लंगोट उन्हात घाला, बाळ आमच्याकडे आणा.’

बाळ सुखरूप घरी आले. लेक मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच मला फार जड गेले. त्या दिवशी मी ट्रंक रिकामी केली, गोळ्या टाकून दिल्या. आता तिथे वेखंड आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला असतो. कापूरही मी ठेवीत नाही. बारशासाठी माझ्या एका मऊ सुती साडीची नवी कुंची शिवली आणि दोनदा धुतली. खणाची कुंची वेगळी बांधून ठेविली आहे. ती आता कोणत्याही बाळाला घालावयाची नाही.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी ट्रंक आजच उघडून पाहावी. ज्या कपड्याला गोळ्यांचा वास येतो, तो कितीही मायेचा असला तरी तान्ह्या जिवाच्या अंगाला लावू नये. आणि बाळ पिवळे दिसले तर आजीला विचारण्याआधी डॉक्टरांना विचारावे. हे एक आजीच लिहीत आहे.

बारशाच्या आदल्या दुपारी लेकीने खोलीतून हाक मारली, ‘आई, लंगोट वाळले का?’ मी गच्चीवर गेले. तारेवरचे सारे लंगोट पांढरे स्वच्छ निघाले होते.